बाकाखालची हवा

३ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. 'सप्रेम' लिहायला हात वळेना, म्हणून नुसताच नमस्कार.

कागदावर लिहितेय याचं नवल वाटेल. ऑफिसच्या मेलवर लिहिलं तर तुमच्या कंपनीतले दहा जण वाचणार, आणि फोनवर आपलं दोघींचं 'हॅलो'लाच वाजतं. त्यापेक्षा हे बरं. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

मुद्द्याचं सांगते. तुमच्या कंपनीत बोगद्यासाठी जी आसरा-खोली तयार होतेय, तिचं मॉडेल तपासायचं काम बोगदेवाल्यांनी माझ्याकडे दिलंय. मी मागायला गेले नव्हते. डिझाइनची प्रमुख माझी विहीण आहे, हे मी त्यांना आधीच सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, मग तर बरंच झालं, तुम्ही काही सोडणार नाही.

तर ती खोली. आत दरड कोसळली, धूर झाला, बाहेरची वाट बंद झाली, की माणसांनी त्या लोखंडी खोलीत शिरायचं, दार घट्ट लावायचं आणि सुटकेची वाट बघत बसायचं. हवा शुद्ध करणारं यंत्र आहे, पण ते बंद पडलं तर कोंडलेल्या हवेवरच जगायचं. म्हणून आत हवा किती, त्यावर सगळं आलं. तुमच्या ड्रॉइंगवर १७.२ घनमीटर आहे, आणि त्याच्या जोरावर शेजारी 'बारा माणसं' असं ठळक लिहिलंय. मी मोजते तेव्हा १३.६ येतात. तीनदा मोजलं.

त्या बारांत एक माझी लेक आहे. म्हणजे तुमची सून. खडक बघून पुढे खणायचं की थांबायचं ते ती सांगते, त्यामुळे रोज सगळ्यांच्या पुढे तीच उभी असते.

अहवाल अजून दिलेला नाही. नात्याच्या म्हणून आधी तुम्हाला विचारतेय. आकडा कसा काढलात?

— मुलीची आई


९ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र टेबलावर पडलेलं बघून चिरंजीवांनी अक्षर ओळखलं आणि विचारलं, "सासूबाईंनी पत्र पाठवलंय? कोण गेलं?" यावरून काय ते समजा.

आकडा कसा काढला म्हणून विचारता? जसा सगळं जग काढतं तसा. दाराच्या फटी, नळ्यांची भोकं आधी बंद केली, नाहीतर आतली हवा बाहेरच्या हवेला जाऊन मिळते. मग अख्ख्या खोलीपेक्षा मोठा एक भरीव ठोकळा कॉम्प्युटरवरच्या जोडलेल्या मॉडेलवर बसवला. त्यातून एकेक पार्ट वजा केला. भिंती, दार, बाक, सिलिंडर, एकूण एक. भिंतीबाहेर जो ठोकळ्याचा भाग उरला तो पुसून टाकला. आत राहिला तो हवेचा साचा, त्याचं घनफळ वाचलं. १७.२. यात माझं मत नाही, सॉफ्टवेअरचं उत्तर आहे. मी वीस वर्षं पोकळ्या मोजतेय. तुम्ही नोकरी सोडून घरी बसून तपासण्या करायला लागल्यापासून तुम्हाला सगळ्यांच्याच पोकळ्या दिसायला लागल्यात.

आता मीही मुद्द्याचं बोलते. लग्नाच्या जेवणात, माझ्या सगळ्या पाहुण्यांसमोर, तुम्ही काय म्हणालात ते मी विसरलेले नाही. "मी हिला उजेडात वाढवली आणि ही बिळात नोकरी शोधतेय." नवरी मुलगी हातात ताट घेऊन तिथंच उभी होती. तिचा चेहरा तुम्ही बघितला नाहीत, मी बघितला. तेव्हापासून तिला बोगद्यातून ओढून बाहेर काढायचा तुमचा एककलमी कार्यक्रम चालू आहे. समजावून झालं, रडून झालं, आजारी पडूनही झालं. आता घनमीटर! नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. तुम्ही तर अंगणच लहान आहे म्हणताय.

खोली दहा मार्चला ट्रकवर चढणार. अहवाल द्यायचा तर खुशाल द्या. पण मग तो तपासनिसाने लिहिला की आईने, असं मी सगळ्यांसमोर विचारीन.

— मुलाची आई


१४ फेब्रुवारी

विहीणबाई,

बोलले ते बोलले. त्या जेवणाचं ओझं मी वाहतेय, तुम्ही कशाला वाहता?

तुमची पद्धत वाचली. बरोबर आहे. फक्त शेवटच्या पायरीवर घसरलात. बाहेरचा तुकडा पुसलात, मान्य. मग आत किती तुकडे उरले, ते मोजलेत का?

तुमचे बाक म्हणजे पत्र्याच्या बंद पेट्या आहेत. चारी बाजूंनी वेल्डिंग, कुठे सुईएवढं भोक नाही. तळाची फरशीही तशीच, खाली पोकळ आणि बंद. तुम्ही ठोकळ्यातून बाक वजा केलात म्हणजे फक्त बाकाचा पत्रा वजा झाला. पेटीच्या पोटातला ठोकळा तसाच राहिला. सिलिंडरच्या पोटातलाही. सॉफ्टवेअरला काय, त्याने सगळ्या तुकड्यांची बेरीज करून एकच आकडा तुमच्या हातावर ठेवला, आणि तो तुम्ही माणसांना वाटून टाकलात. बाकाच्या पोटातली हवा कोण ओढणार? पत्र्याला नाक लावून?

हातच्या काकणाला आरसा कशाला! मॉडेल उघडा, मधोमध कापून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. मी बोगद्याच्या विरुद्ध आहे, होते आणि राहीन. पण आकडा माझ्या पोटातून येत नाही.

— मुलीची आई


१९ फेब्रुवारी

विहीणबाई,

माझे बाक भरीव आहेत. सुरुवातीपासून मी ते भरीव ठोकळे म्हणूनच घेतलेत, म्हणजे त्यांची जागा पूर्ण वजा होते. हा नियम माझ्या विभागातल्या प्रत्येकाला पाठ आहे, कारण तो मीच घालून दिलाय. तुमच्याकडे आलेल्या फायलीत काही वेगळं दिसत असेल तर तो तुमच्या कॉम्प्युटरचा दोष. मी कोणाच्या सांगण्यावरून माझं मॉडेल कापून बघणार नाही. उद्या म्हणाल दोन अधिक दोन करून दाखवा.

तरी तुमची हौस फिटावी म्हणून एक सांगते. सत्तावीस तारखेला आमच्या शेडमध्ये चाचणी आहे. बारा माणसं आत, दार बंद, यंत्र बंद, कार्बन डायऑक्साइडचा मीटर चालू. १७.२ धरून आकडा कसा चढायला हवा त्याची रेघ कागदावर काढलेली असेल. मीटर त्या रेघेवर चालला की विषय संपला. मी स्वतः आत बसणार आहे. बारावी जागा तुमच्यासाठी ठेवली आहे. इतकी खात्री आहे ना? या. उंटावरून शेळ्या हाकू नका.

— मुलाची आई

ता. क. येताना सुती कपडे घाला, आत उकडतं. नंतर म्हणू नका की सांगितलं नाही.


१ मार्च

विहीणबाई,

मीटर रेघेच्या वर गेला हे मला दिसलं, डोळे मलाही आहेत. पण का गेला तेही लिहून ठेवा.

आत शिरण्याआधी सूचना मोठ्याने वाचून दाखवली होती. शांत बसा, हालचाल नको, बोलू नका. बारांपैकी अकरा जणांनी ऐकलं. तुम्ही मात्र दार लागल्यापासून ज्या सुरू झालात! बाक अरुंद आहे, दिवा मंद आहे, हँडल उलट्या बाजूला आहे, विहीणबाई तुम्ही तेव्हा असं म्हणालात, विहीणबाई तुम्ही तेव्हा तसं वागलात. वेल्डिंगची पोरं खाली माना घालून हसत होती. माणूस बोलला की श्वास वाढतो, श्वास वाढला की मीटर चढतो. एक तास मिठाची गुळणी धरता आली नाही तुम्हाला! चाचणी तुम्ही नासवलीत. मी तसा शेरा मारलाय आणि चाचणी पुन्हा घ्यायला वेळ नाही. खोली दहा तारखेला जाणार.

— मुलाची आई


४ मार्च

विहीणबाई,

अकरा नाही, दहा जण गप्प होते. मला गप्प बसवायला तुम्ही जेवढं बोललात तेवढं मी अख्ख्या लग्नात बोलले नव्हते.

पण बोलणं कधी थांबलं तेही लिहा की. अर्धा तास झाला असेल. तुमच्या शेजारच्या वेल्डरने मीटरकडे बघितलं आणि मग तुमच्याकडे. तुम्ही रेघेचा कागद उलटा करून मांडीवर ठेवलात. त्यानंतर दार उघडेपर्यंत आपण दोघींनी चकार शब्द काढला नाही, आणि आकडा चढतच होता, तुमच्या रेघेला मागे टाकत. मी बोलले म्हणून चढला, हे तुम्ही जगाला सांगा. मला नका सांगू, मी तिथं होते.

आणि मी भ्याले होते. खोटं कशाला बोलू? कपाळ ठणकायला लागलं, श्वास घेतला तरी पुरेना. दार समोर, बाहेर माणसं उभी, नुसती हाक मारली असती तर उघडलं असतं, तरी भ्याले. मनात सारखं येत होतं, माझ्या पोरीला अशी बसायची वेळ आली तर तिच्या दाराबाहेर कोणी नसेल.

मग मी बसल्या जागी बाकावर टिचकी मारली. आठवतं? टण्ण् वाजला. रिकाम्या डब्यासारखा. तुम्ही मान वर केलीत. मी तुमच्या बाजूच्या बाकावर वाकून मारली, तोही वाजला. विहीणबाई, तुम्ही त्या आवाजाला दचकलात. तुमचे भरीव बाक! ज्या हवेच्या डोक्यावर आपण बाराजण बसलो होतो, तीच तुम्ही आमच्या नाकात मोजलीत.

माझा अहवाल उद्या सकाळी जातोय. नात्यासाठी महिनाभर थांबले, आता नाही. नंतर म्हणू नका की सांगितलं नाही.

— मुलीची आई


११ मार्च

विहीणबाई,

खोली ट्रकवर चढली नाही.

रविवारी ऑफिसात एकटी जाऊन बसले. ठोकळा वजा केला, बाहेरचा तुकडा पुसला, आणि या वेळी आत उरलेल्या प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग दिला. एकच रंग दिसायला हवा होता. मोठा निळा दिसला, आणि त्याच्या आत दोन बाकांत दोन, तळाशी एक आडवा आणि सिलिंडरांतले बारके. माझे भरीव बाक डिसेंबरात बदलले होते. बाक पुरवणाऱ्याने त्याची फाईल पाठवली, आमच्यातल्या कोणीतरी जुन्या जागी ती चिकटवली, आणि जानेवारीत मी मोजायला बसले तेव्हा भरीवच आहेत असं गृहीत धरून बसले. बाहेरून दिसतात सारखेच. आकडा तुमचा बरोबर आहे. हे वाक्य एकदाच लिहितेय, पुन्हा लिहायला सांगू नका.

भोकं पाडून बाकांतली हवा मोकळी करता येईल असं तुम्ही अहवालात सुचवलंत. नाही जमणार. त्या पेट्यांवर अख्ख्या खोलीची मजबुती उभी आहे, त्यांना भोक पाडलं तर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. कंपनी तेवढं थांबायला तयार नाही. म्हणून माणसं कमी केली. बारांच्या जागी नऊ. तेवढा आकडा बदलून खोली पुढच्या आठवड्यात जाईल.

कागदावर कारण असं दिलंय: 'ग्राहकाच्या तपासनिसांच्या मागणीनुसार.' त्यात खोटं काही नाही. मागणी तुमचीच होती.

आता दुसरं ऐका. खोलीत नऊ, म्हणून बोगद्याच्या तोंडाशी काम करणारी टोळीही नऊची झाली. सगळ्यांत नवे तिघं कमी केले. तुमची लेक तिघांतली एक. खडक आता तिचे साहेब बघतात; ती बोगद्याबाहेरच्या शेडमध्ये, खडकातून काढलेल्या दगडी कांड्यांवर नंबर घालत बसते.

झालं ना मनासारखं? पेढे वाटा.

— मुलाची आई


२० मार्च

विहीणबाई,

तुम्हाला लाज कशी वाटत नाही!

ती परवा आली होती. बॅग खांद्यावरून उतरवलीच नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, "आई, तुझ्या सहीने मला बाहेर काढलं. कागद मी वाचलाय. लग्नाच्या दिवशी जे बोललीस ते शेवटी करून दाखवलंस." मी म्हटलं, आत ये, पाणी तरी पी. तर म्हणते, "मला वाटलं होतं, निदान कामात तरी तू खोटं बोलणार नाहीस." आणि जिना उतरून गेली. विहीणबाई, ती मला खोटारडी म्हणाली. अहो, आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासले मी, एकाच्याही तोंडाकडे बघून आकडा फिरवला नाही. आणि माझ्याच पोटची पोर!

तेव्हापासून फोन उचलत नाही.

तुम्ही एक ओळ लिहा. 'मूळ मोजणीत चूक होती.' पाच शब्दही होत नाहीत. तुमची खुर्ची तेवढ्याने मोडत नाही.

— मुलीची आई


२ एप्रिल

विहीणबाई,

मोडते. तुम्हाला बाहेर बसून ते कळायचं नाही. मी ती ओळ लिहिली की माझ्या हाताखालून गेलेली प्रत्येक टाकी, प्रत्येक पेटी, प्रत्येक खोली पुन्हा तपासायला काढतील. माझ्या विभागात सतरा जण आहेत, त्यांतल्या कोणी ती फाईल चिकटवली ते मला माहीत आहे. त्याचं दुसरं बाळ आत्ता झालंय. ती ओळ माझ्यापाशी थांबणार नाही. आणि खरं सांगू, तो नसता तरीही मी लिहिली नसती. मला जमत नाही. मी अशीच आहे, चिरंजीवांना विचारा.

तुमच्या लेकीचं म्हणाल तर शनिवारी घरी येते, जेवते, ताट धुऊन ठेवते, आपल्या खोलीत जाते. पूर्वी आली की आज कुठला खडक लागला, कुठे पाणी झिरपलं ते अर्धा तास सांगायची. कळायचं नाही काही, पण ऐकत असे मी. आता विचारलं तर म्हणते, "काही नाही, नंबर घातले."

तुम्हाला एवढं सलतंय तर तुम्हीच सांगा की तिला. तोंड तर तुम्हाला भरपूर दिलंय देवाने.

— मुलाची आई


९ एप्रिल

विहीणबाई,

नाही सांगणार. तुमचं अकरा मार्चचं पत्र समोर आहे. ते नुसतं तिच्या हातात ठेवलं की काम झालं. नाही ठेवणार.

का ते विचारू नका म्हटलं तरी तुम्ही चार टोमणे मारून विचाराल, म्हणून सांगून टाकते. तिला तुमच्या घरात राहायचंय. ज्या बाईने मोजण्यात चुकून आपल्याला गुदमरायच्या खोलीत बसवलं असतं आणि मग आईच्या सहीआड लपली, तिच्यासमोर दर शनिवारी कशी जेवेल ती? नवऱ्याशी भांडेल, घर मोडेल. त्यापेक्षा माझ्यावर चिडलेली बरी. आईवर चिडायची सोय असते, सासूवर नसते.

हे मी तुमच्यासाठी करत नाहीये. तुमच्यासाठी मी बाकावर टिचकीसुद्धा मारली नसती. आता पत्र पाठवू नका.

— मुलीची आई


१७ ऑगस्ट

विहीणबाई,

पाठवू नका म्हणालात तरी पाठवतेय.

बातम्यांत पाहिलं असेलच. मंगळवारी बोगद्यात दरड कोसळली. नऊ जण खोलीत शिरले आणि त्यांनी दार लावून घेतलं. वीज गेली, बॅटरीवर यंत्र दुसऱ्या सकाळपर्यंत चाललं आणि मग बंद पडलं. मी आमच्या कंपनीच्या शेडमध्ये फोनपाशी बसून होते. पाणी पाजलं कोणी तर पीत होते, एवढंच आठवतं. रात्र गेली, दुसरी दुपार झाली तेव्हा बाहेरच्यांनी दारापर्यंत वाट काढली.

नवांचे नऊ चालत बाहेर आले. एकाला दवाखान्यात ऑक्सिजन लावला, काल तोही घरी गेला. मीटर मी मागवून घेतला. आकडा शेवटच्या लाल खुणेला टेकत आला होता. बाराजण असते तर काय झालं असतं त्याची बेरीज मी केली, पुन्हा केली आणि कागद फाडून टाकला. लोक फोन करून अभिनंदन करताहेत, काय खोली बनवलीत म्हणून. मी फोन उचलायचाच बंद केलाय.

तुमची लेक दोन्ही दिवस बोगद्याच्या तोंडाशी उभी होती. बाहेर. घरी आली तेव्हा बूटसुद्धा चिखलाने ओळखू येत नव्हते. मी स्वयंपाकघरात तिला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. बाक, रंग, चाचणी, 'मागणीनुसार', सगळं. तुम्ही का गप्प बसलात तेही.

मला वाटलं रडेल, नाहीतर तुम्हाला फोन लावेल. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी कोणावर चिडायचं, तेसुद्धा तुम्ही दोघींनीच ठरवलंत. खडक कधी फुटेल ते मी सांगायचं, अकरा जण माझ्या शब्दावर पाऊल टाकायचे, आणि घरात मला खरं ऐकायची अक्कल नाही?" आणि उठली. आता ती आपल्या दोघींशीही बोलत नाही. निदान या बाबतीत तरी आपली बरोबरी झाली.

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ लिहिली. मूळ मोजणीत चूक होती, माझी. फाईल कोणी चिकटवली ते लिहिलं नाही, मोजायला मी बसले होते. खुर्चीचं काय होतं ते बघू. तूर्तास एवढंच झालंय की मोठी खोली करायचं काम माझ्याकडूनच हवंय त्यांना. बारा माणसांची, खऱ्या बारांची. ती तयार झाली की टोळी पुन्हा बाराची होणार आणि तुमची लेक पुन्हा आत जाणार. तिने अर्ज दिलाय. मी अडवलं नाही. मॉडेल तुमच्याकडे तपासायला येतंय. तुम्हाला तिला अडवायचं असेल तर ही शेवटची संधी, एखादी चूक सहज काढता येईल तुम्हाला.

— मुलाची आई


३० ऑगस्ट

विहीणबाई,

चूक काढायची संधी म्हणे! मला ओळखलंच नाहीत अजून.

मॉडेल आलं. पाच दिवस बसले त्याच्यासमोर. फटी बंद केल्या, ठोकळा बसवला, एकेक पार्ट वजा केला, बाहेरचा तुकडा पुसला. आत एकच तुकडा उरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, वाटलं काहीतरी सापडेल. देवाशप्पथ सांगते, सापडावं असं वाटत होतं. एकच तुकडा. बाकांना या वेळी जाळी लावलीत, पेट्या उघड्या ठेवल्यात, हँडलही सरळ बाजूला घेतलंत. बाक अजून अरुंदच आहे, पण त्याने कोणी मरत नाही. बारा माणसांना हवा पुरते. सही केली. कागद काल गेला.

ती बोलत नाही म्हणून तुम्ही मला बरोबरीचं सांगता. नाही बोलत तर नाही बोलू दे. अबोला धरायला माणूस असावं लागतं.

आणि एक. परवा संध्याकाळी फोन वाजला. तिचा नंबर होता. मी उचलला, हॅलो म्हटलं, पलीकडून कोणी काही बोललं नाही. मी रागवायला तोंड उघडलं, मग थांबले. तिचा श्वास ऐकू येत होता. मीसुद्धा काही बोलले नाही, कानाला फोन लावून तशीच ऐकत बसले. बऱ्याच वेळाने तिनेच ठेवला.

— मुलीची आई